यादीच्या मध्ये नाव घालावयाचे झाल्यास

माणसामाणसांतील भांडणांची मोजदाद कोणी केली, तर त्यांतील पुष्कळशी यादीतील जागेवरून झालेली आढळतील. लग्नपत्रिकेत कोणाचे नाव आधी छापले, रेशनच्या रांगेत मध्येच कोण घुसला, सोसायटीच्या कर्जात कोणाचा नंबर वर सरकला, बढतीच्या वेळी धाकटा थोरल्याच्या डोक्यावर कसा बसला, यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले आम्ही पाहिले आहेत. कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाचा तर अर्धा जन्म याद्या वाचण्यात जातो. तेव्हा संगणकाच्या शास्त्रात यादी कशी ठेवतात आणि तिच्या मध्येच नवे नाव कसे घालतात, हा विषय आम्ही या व्याख्यानमालेसाठी घेतला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी, जुन्या पुस्तकांच्या आणि चळवळीतल्या तरुण पोरांच्या मदतीने. पंडिती परिभाषा आमच्यापाशी फारशी नाही. पण या विषयात तिच्यावाचून फारसे अडतही नाही.

यादी ठेवण्याची एक रीत सर्वांच्या परिचयाची आहे. रजिस्टर घ्यावे, ओळींना क्रमांक घालावेत आणि एकाखाली एक नावे लिहावीत. संगणकवाले याला ॲरे म्हणतात. आपण सलग यादी म्हणू. संगणकाची स्मृती, म्हणजे मेमरी, ही अशाच क्रमांक घातलेल्या खणांची लांबच लांब ओळ असते. सलग यादीचा मोठा गुण असा की, दोनशे पंचाहत्तरावे नाव पाहिजे असेल तर पहिल्यापासून मोजीत बसावे लागत नाही. पहिल्या खणाचा क्रमांक ठाऊक असला की बेरीज करून थेट तेथे हात घालता येतो.

अडचण येते ती मध्ये नाव घालताना. समजा, चारशे नावांची यादी आहे आणि नव्या माणसाची जागा एक्केचाळिसावी आहे. तर आज जो एक्केचाळिसावा आहे तो बेचाळिसावा, बेचाळिसावा तो त्रेचाळिसावा, असे थेट चारशेपर्यंत तीनशे साठ जणांना एकेक खण खाली सरकवावे लागते. तेही शेपटाकडून सुरू करावे लागते. आधी चारशेव्याला चारशेएकाव्या खणात न्यायचे, मग तीनशे नव्व्याण्णवाव्याला चारशेव्यात. वरून सुरुवात केली तर एक्केचाळिसावा बेचाळिसाव्याच्या खणात बसेल आणि तेथे आधी असलेले नाव पुसले जाईल. एका माणसाला न्याय द्यायचा तर तीनशे साठ जणांची बिऱ्हाडे हलवायची!

कायदेमंडळांनाही ही अडचण सुटलेली नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगारकपातीविषयी एक प्रकरण मध्ये घातले. पंचविसाव्या कलमापुढे नव्या कलमांना जागा नव्हती, आणि सव्विसाव्यापासून पुढचे सर्व क्रमांक बदलावेत तर प्रत्येक निवाड्यात आणि प्रत्येक नोटिशीत केलेले उल्लेख चुकीचे ठरले असते. म्हणून २५-ए, २५-बी अशी अक्षरे लावून कलमे बसविली. घटनेत १९७६ साली मूलभूत कर्तव्ये आली ती ५१-क म्हणून, आणि २००२ साली शिक्षणाचा हक्क आला तो २१-क म्हणून. क्रमांकाने बांधलेल्या यादीत घुसायचे तर असे अक्षराचे शेपूट लावून घुसावे लागते.

आपल्या गुजरीतले उदाहरण घ्या. कोल्हापुरी साज हा ओवलेला दागिना. पाने आणि मणी एका तारेत ओवलेले असतात. मध्ये एखादे पान नव्याने घालायचे झाले तर पटवेकऱ्याला एका बाजूची सगळी पाने उतरवून ठेवावी लागतात, नवे पान घालावे लागते आणि उतरवलेली पुन्हा ओवावी लागतात. हुपरीचे चांदीचे पैंजण मात्र कड्यांनी जोडलेले असते. तेथे ज्या ठिकाणी भर घालायची तेवढीच कडी कारागीर उघडतो, नवी अडकवतो, जोड देतो. बाकीच्या कड्यांना त्याची वार्ताही नसते. सलग यादी म्हणजे साज. आज आपणांस ज्या यादीविषयी बोलायचे आहे ती हुपरीच्या पैंजणासारखी. तिचे इंग्रजी नाव लिंक्ड लिस्ट. आपण तिला कडीयादी म्हणू.

ती नेमकी कशी असते हे समजण्यासाठी आमच्या चळवळीतलीच एक व्यवस्था सांगतो. मोबाईल टेलिफोन नव्हते त्या काळात अचानक सभा घ्यायची, किंवा सकाळच्या पाळीआधी गेटवर जमायचे, तर रातोरात शे-दोनशे माणसांना सांगावा जायला हवा असे. एका माणसाने सगळीकडे सायकल मारणे अशक्य, आणि सर्वांची नावे-पत्ते एकाच कागदावर असणे धोक्याचे. तो कागद नको त्या हाती पडला तर सगळेच उघडे पडणार. म्हणून रीत अशी होती की प्रत्येक गड्यापाशी एक चिठ्ठी. तीवर फक्त त्याच्या पुढच्या गड्याचा पत्ता. आमच्यापाशी पहिल्याचा पत्ता. आम्ही शिवाजी पेठेतल्या पहिल्या गड्याला निरोप द्यायचा. तो आपली चिठ्ठी पाहून उत्तरेश्वर पेठेत जायचा. उत्तरेश्वराचा गडी कसबा बावड्याला. अखेरच्या माणसाच्या चिठ्ठीवर पत्त्याऐवजी नुसती फुली. फुली दिसली की सांगावा संपला.

कडीयादी म्हणजे हीच व्यवस्था. संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक नाव कोठेही, ज्या खणात जागा मिळेल तेथे, ठेवलेले असते. शेजारी-शेजारी असण्याची जरुरी नाही. मात्र प्रत्येक नावाबरोबर एक जादा खण असतो व त्यात पुढचे नाव कोठे आहे त्या खणाचा क्रमांक लिहिलेला असतो. नाव आणि चिठ्ठी मिळून जी जोडी होते तिला नोड म्हणतात. आपण तिला कडी म्हणू. चिठ्ठीला म्हणतात पॉइंटर. फुलीला म्हणतात नल. आणि आमच्यापाशी असलेल्या पहिल्या गड्याच्या पत्त्याला म्हणतात हेड, म्हणजे यादीचे तोंड. एवढे चार शब्द ध्यानात ठेवले की झाले.

आता मध्ये नाव घालू. नव्या राजवाड्याजवळ राहणारा एक गडी नव्याने युनियनमध्ये आला. त्याचे घर उत्तरेश्वराहून बावड्याला जाताना वाटेवर पडते, म्हणून त्याला त्या दोघांच्या मध्ये घालणे सोयीचे. करायचे काय? चिठ्ठ्या दोनच लिहायच्या. नव्या गड्याच्या चिठ्ठीवर बावड्याचा पत्ता, आणि उत्तरेश्वराच्या गड्याच्या चिठ्ठीवर बावड्याऐवजी नव्या गड्याचा पत्ता. शिवाजी पेठेतल्याला काही कळवायला नको, बावड्याच्याला नको, आणि त्याच्यापुढे असलेल्या शंभर-दीडशे जणांना तर नकोच. साखळी दोनशेची असो की दोन लाखांची, चिठ्ठ्या दोनच.

परंतु त्या दोन चिठ्ठ्या कोणत्या क्रमाने लिहायच्या, यात सगळे मर्म आहे, आणि नवशिका येथेच फसतो. समजा, आम्ही घाईघाईने आधी उत्तरेश्वरात गेलो आणि तेथल्या गड्याला म्हणालो, “दादा, तुमच्या चिठ्ठीवरचा पत्ता खोडा, हा नवा लिहा.” त्याने खोडला. मग आम्ही नव्या गड्याकडे गेलो. तो विचारतो, “मी पुढं कुणाकडं जायचं?” आम्ही म्हणतो, “थांबा, उत्तरेश्वराच्या गड्याला विचारून येतो, बावड्याचा पत्ता त्याच्याकडं हाय.” परत जाऊन पाहावे तो त्याच्या चिठ्ठीवर नव्या गड्याचाच पत्ता! बावड्याचा पत्ता जगात फक्त त्या एका चिठ्ठीवर होता, आणि तो आपण स्वतः खोडायला लावला. बावड्याचा माणूस आपल्या घरी सुखरूप आहे, त्याच्यापाशी त्याच्या पुढच्याची चिठ्ठीही आहे, पण त्याच्यापर्यंत जाण्याची वाट कोणालाच माहीत नाही. त्याच्यामागून येणारे सगळेच त्या क्षणी चळवळीला मुकले.

म्हणून क्रम असा. आधी नव्या गड्याच्या हाती पुढचा पत्ता द्यायचा, त्यासाठी उत्तरेश्वराची चिठ्ठी पाहून फक्त नक्कल करायची. ते पुरे झाल्यावरच उत्तरेश्वराची चिठ्ठी बदलायची. संगणकाच्या भाषेत या दोन ओळी होतात. मराठीत लिहायच्या तर अशा:

नवी.पुढचा = आधीची.पुढचा
आधीची.पुढचा = नवी

येथे बरोबरीचे चिन्ह गणितातले समजू नये. उजव्या बाजूला जे लिहिलेले असेल ते वाचून डाव्या बाजूच्या खणात उतरवा, एवढाच त्याचा अर्थ. पहिली ओळ म्हणते, आधीच्या कडीच्या चिठ्ठीवर जो पत्ता आहे तो नव्या कडीच्या चिठ्ठीवर उतरवा. दुसरी म्हणते, आता आधीच्या कडीच्या चिठ्ठीवर नव्या कडीचा पत्ता लिहा.

येथे कोणी म्हणेल की हुपरीचा कारागीर आधी कडी उघडतो आणि मग नवी घालतो. मिरजेच्या यार्डात गाडीला मध्येच डबा जोडायचा तर आधी कपलिंग सोडावेच लागते. मग संगणकातच हा सोवळेपणा का? याचे उत्तर असे की, कारागिराच्या दोन्ही हातांत साखळीची दोन टोके असतात, आणि मिरजेच्या रुळावर सुटलेले डबे उभे असलेले दिसतात. संगणकाला डोळे नाहीत. त्याच्या दृष्टीने ज्याचा पत्ता कोठेही लिहिलेला नाही ती वस्तू नाहीच.

याचा अनुभव आम्हांला फार वेगळ्या प्रसंगी आला. आमच्या जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात (नावाचे येथे प्रयोजन नाही) हंगामी कामगारांची ज्येष्ठता यादी संगणकावर ठेवली होती. हंगामी कामगाराच्या जीवनात या यादीला काय मोल आहे ते शहरातील श्रोत्यांना कदाचित ठाऊक नसेल. गळीत हंगाम सुरू झाला की यादीच्या क्रमाने माणसे कामावर घेतली जातात, कायम जागा रिकामी झाली की ती यादीच्या क्रमाने भरते. यादीतील दहा जागा म्हणजे एखाद्याच्या मुलीच्या लग्नाचा पाच वर्षांचा फरक. त्या यादीत दोनशे साठ नावे होती. बॉयलरवरच्या एका जुन्या कामगाराला कामावरून कमी केले होते. युनियनने त्याची बाजू लढविली आणि मूळ ज्येष्ठतेसह त्याला परत घेण्याचा निर्णय झाला. त्याची जागा एक्केचाळिसाव्या नावानंतर येत होती. हंगाम तोंडावर आलेला. कचेरीने त्याचे नाव संगणकात घातले, यादी छापली, आणि शिपायाने कागद न वाचताच गेटावरच्या फलकावर डकवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटावर ही गर्दी! पहिली एक्केचाळीस नावे ठीक. बेचाळिसावे नाव त्या बॉयलरवाल्याचे, तेही ठीक. त्रेचाळिसावे नावही त्याचेच. चव्वेचाळिसावेही त्याचेच. पाने उलटीत गेलो तर अखेरच्या दोनशे एकसष्टाव्या ओळीपर्यंत एकच नाव, दोनशे वीस वेळा. उरलेल्या दोनशे एकोणीस जणांचा पत्ताच नाही, आणि गेटवाला यादीत नाव नसलेल्याला आत सोडीना. एकजण ओरडला, “सगळा कारखाना एकट्या मामांनीच चालवायचा काय?” लोक हसले, पण ते हसणे फार वेळ टिकले नाही. ज्यांनी हंगामाच्या भरवशावर हातउसने घेतले होते त्यांचे चेहरे आम्हांला अजून आठवतात. मामा बिचारे एका कोपऱ्यात अपराध्यासारखे उभे होते. त्यांच्यामुळेच हे झाले असे काहीजण बोलूही लागले होते.

कचेरीतून उत्तर आले, “संगणकाने केले.” हे उत्तर आम्हांला कधीच मान्य झालेले नाही. संगणक स्वतःहून काही करीत नसतो. कोणीतरी लिहिलेले तो वाचतो. आम्ही आग्रह धरला की ज्याने लिहिले त्याला बोलवा. आला तो एक पोरगेलेसा तरुण, घामाघूम झालेला. त्याने आमच्यासमोर ते लिखाण उघडले आणि दोन मिनिटांत कपाळावर हात मारला. वर दिलेल्या दोन ओळी त्याने उलट्या क्रमाने लिहिल्या होत्या. आधी एक्केचाळिसाव्याच्या चिठ्ठीवर मामांचा पत्ता लिहिला. मग मामांच्या चिठ्ठीवर काय लिहायचे म्हणून एक्केचाळिसाव्याची चिठ्ठी पाहिली, तर तेथे मामांचाच पत्ता. तोच उतरवला. परिणामी मामांच्या चिठ्ठीवर मामांचेच घर! यंत्र मामांच्या घरून निघाले की पुन्हा मामांच्याच घरी येई. एकूण नावे दोनशे एकसष्ट हा आकडा वेगळा नोंदलेला होता म्हणून ते तेवढ्यावर थांबले. नाही तर कागद संपेपर्यंत छापत राहिले असते. त्याआधी सर्व नावे यादीच्या टोकालाच जोडली जात, म्हणून मध्ये घालण्याच्या या ओळी कधी वापरातच आल्या नव्हत्या, आणि चूक इतकी वर्षे झाकून राहिली होती.

नावे परत मिळाली ती संगणकातून नव्हे. बिघडलेली यादी जुन्या यादीवरच साठविली गेली होती. ती मिळाली आदल्या हंगामात फलकावर लावलेल्या कागदावरून, ज्याची एक प्रत आमच्या एका कार्यकर्त्याने फायलीत ठेवली होती. ज्येष्ठता यादी फलकावर लावण्याचा रिवाज काही मालकांच्या औदार्यातून आलेला नाही. औद्योगिक विवाद कायद्याच्या १९५७ च्या केंद्रीय नियमांत असे होते की, कपात करण्याच्या निदान सात दिवस आधी त्या वर्गातील कामगारांची ज्येष्ठता यादी फलकावर लागली पाहिजे. आणि कपात कोणाची करायची याविषयी त्या कायद्याच्या २५-जी कलमाचे सामान्य सूत्र होते: शेवटी आला तो आधी जाईल. (२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने पुढे त्या जुन्या कायद्याची जागा घेतली.) गंमत अशी की संगणकशास्त्रातही शब्दशः हेच सूत्र आहे. शेवटी आलेला आधी बाहेर, अशा यादीला ते स्टॅक म्हणतात, आणि कडीयादीत तो करणे सर्वांत सोपे. नवे नाव नेहमी तोंडाशी घालायचे आणि काढायचे ते तोंडाशीच.

तोंडाशी घालण्याची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरी करू. पहिल्या गड्याच्याही आधी कोणी आला, तर बदलायची चिठ्ठी कोणत्या गड्याची नसते, आमच्या स्वतःच्या खिशातली असते. नव्याच्या चिठ्ठीवर जुन्या पहिल्याचा पत्ता, मग आमच्या चिठ्ठीवर नव्याचा. क्रम तोच. यादी साफ रिकामी असेल तर आमच्या चिठ्ठीवर फुली असते. तीच फुली नव्याच्या चिठ्ठीवर उतरते आणि आपोआप सगळे जुळते. शेवटास घालायचे तरी तेच होते. तरीही तोंडाची कडी ही नेहमीची डोकेदुखी आहे, कारण मधल्यांसाठी लिहिलेल्या ओळी तिला तशाच्या तशा लागू पडत नाहीत. यावर जाणत्यांनी एक युक्ती काढली आहे. यादीच्या तोंडाशी एक बिननावाची कडी कायमची उभी करायची. ती कामगार नव्हे, नुसती पाटी धरणारी. मग प्रत्येक खऱ्या नावाच्या आधी कोणीतरी असतेच, आणि एकच नियम सर्वांना पुरतो.

ही कल्पना कोणाची? सांगण्यासारखी हकिकत आहे. १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेत ॲलन नेवेल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन हे तिघे एका विलक्षण कामात गुंतले होते. व्हाइटहेड आणि रसेल यांच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथातील सिद्धांत यंत्राकडून सिद्ध करवून घ्यायचे होते. यंत्र सिद्धता शोधू लागले की किती वाक्ये निर्माण होतील, ती केवढी लांब असतील, हे आधी सांगता येत नसे. म्हणून कोणत्या यादीला किती खण राखून ठेवावेत हे ठरविता येईना. तेव्हा त्यांनी राखीव जागांची पद्धतच सोडली आणि प्रत्येक वस्तूबरोबर पुढचीचा पत्ता ठेवला. फेब्रुवारी १९५७ मध्ये लॉस एंजेलिसच्या संगणक परिषदेत नेवेल आणि शॉ यांनी यावर निबंध वाचला. चौकोन काढून एकातून दुसऱ्याकडे बाण दाखविण्याची जी आकृती आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते ती त्या निबंधात आहे. त्यांच्या यंत्राने एका प्रकरणातील पहिल्या बावन्नपैकी अडतीस सिद्धांत सिद्ध केले. नेवेल व सायमन यांना १९७५ साली ट्युरिंग पारितोषिक मिळाले. सायमन मूळचे यंत्रवाले नव्हेत, हे आम्हांला विशेष वाटते. कचेऱ्यांतून आणि संस्थांतून माणसे निर्णय कसे घेतात याचा त्यांचा अभ्यास, आणि १९७८ चे त्यांचे नोबेल पारितोषिक अर्थशास्त्राचे.

त्या काळी स्मृतीचा एकेक खण सोन्याच्या मोलाचा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली चालू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे हे नाव ठेवले. त्याच्या स्मृतीत फक्त दोन हजार अठ्ठेचाळीस शब्द मावत. आज शाळकरी पोराच्या खिशातल्या टेलिफोनात याच्या लक्षावधी पट जागा असते. त्या दिवसांत प्रत्येक नावामागे एक जादा चिठ्ठी ठेवणे ही चैनच होती. तरीही लोकांनी ती केली, कारण सगळी यादी हलविण्यापेक्षा ती स्वस्त पडे.

आमच्या चळवळीचा आणि यंत्राचा संबंध मात्र प्रथमपासून तंट्याचा. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ घातले तेव्हा कर्मचारी संघटनांनी कडवा विरोध केला. कलकत्त्यात तर तो फारच तीव्र होता. पुढे आपले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलित यंत्रणेविषयी समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९७२ चा. बँकांत १९८३ साली संघटनांनी संगणकाबाबत करार केला. त्या विरोधाला आज जुनाट म्हणून हसणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. नोकऱ्यांची भीती खोटी नव्हती. पण आमच्या बाजूचे पुष्कळ लोक यंत्राला शिव्या देऊन थांबले, ते आत कसे चालते हे पाहायला गेले नाहीत, हेही खरे. साखर कारखान्याच्या त्या प्रकरणात ज्या दोन ओळींनी दोनशे एकोणीस माणसे गेटाबाहेर राहिली, त्या समजायला पदवीची गरज नव्हती.

आता कडीयादीची उणी बाजूही सांगितली पाहिजे. दोन चिठ्ठ्यांत काम होते हे खरे, पण आधी ती जागा सापडली पाहिजे. एक्केचाळिसाव्यानंतर घालायचे म्हणजे पहिल्यापासून एक्केचाळीस घरे पायी हिंडणे आले. रजिस्टरासारखे थेट पान उघडता येत नाही. शिवाय हल्लीची यंत्रे शेजारच्या खणांतले सलग वाचण्यात इतकी तरबेज झाली आहेत की, लहान यादी असेल तर सगळी नावे सरकवणेच पुष्कळदा लवकर होते, आणि पेठापेठांतून विखुरलेल्या पत्त्यांवर धावणे उशिराचे. कॉलेजातली मुले ‘कडीयादी नेहमी जलद’ असे पाठ करून येतात, ते तितकेसे खरे नाही. जागा आधीच ठाऊक असेल, आणि भर वारंवार पडत असेल, तेथे ती शोभते.

दुसरा एक प्रश्न आमच्या अभ्यासवर्गात एका फौंड्री कामगाराने विचारला होता, आणि तो प्रश्न मोठा मार्मिक होता. “सांगावा वाटेवर असतानाच तुम्ही मधे माणूस घालत असला, तर?” म्हणजे, एक यादी वाचीत आहे आणि त्याच क्षणी दुसरा तीत भर घालीत आहे. योग्य क्रमाचा दुसरा फायदा येथे दिसतो. उत्तरेश्वराची चिठ्ठी बदलण्याआधी सांगावा आला तर तो जुन्या वाटेने बावड्याला जाईल. बदलल्यावर आला तर नव्या गड्यामार्फत जाईल. नवा गडी एकवेळ चुकेल, पण साखळी कोणत्याही क्षणी तुटलेली सापडणार नाही. (खऱ्या यंत्रात थोडी जास्त खबरदारी लागते, कारण वेगासाठी यंत्र कधी कधी कामांचा क्रम आपणच बदलते, ‘हे पुरे होईपर्यंत ते करू नको’ असे त्याला बजावून सांगावे लागते.)

आणि दोन संघटक एकाच वेळी उत्तरेश्वराच्या गड्यामागे दोन निरनिराळी माणसे घालायला निघाले तर? दोघेही आपापल्या नव्या गड्याला बावड्याचा पत्ता देतात. पहिला उत्तरेश्वराची चिठ्ठी बदलतो. पाठोपाठ दुसरा येऊन तीवर आपल्या माणसाचा पत्ता लिहितो. पहिल्याने घातलेला माणूस कोणाच्याच चिठ्ठीवर राहत नाही. यावर एक उपाय कुलुपाचा: एकाचे काम संपेपर्यंत दुसऱ्याने दाराबाहेर थांबायचे. दुसरा उपाय केंब्रिजच्या टिम हॅरिस यांनी २००१ साली कडीयादीसाठी नीट मांडून दाखविला, तो असा की चिठ्ठी बदलताना अट घालायची: ‘तीवर अजून बावड्याचाच पत्ता असेल तरच बदल, नाही तर मला परत सांग.’ पाहणे आणि बदलणे ही दोन कामे यंत्र एका श्वासात करते, मध्ये कोणाला शिरू देत नाही. ज्याला नकार मिळतो तो चिठ्ठी पुन्हा पाहतो, आपल्या गड्याला नवा पत्ता देतो आणि पुन्हा प्रयत्न करतो.

काही याद्यांत प्रत्येक गड्यापाशी दोन चिठ्ठ्या असतात, एक पुढच्याची व एक मागच्याची, म्हणजे सांगावा उलटाही जाऊ शकतो. तेथे मध्ये घालताना चार चिठ्ठ्या लिहाव्या लागतात: नव्याच्या दोन, पुढच्याची मागची, आणि मागच्याची पुढची. ही अखेरची सर्वांत शेवटी. लिनक्स या जगभर चालणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यात जी दुहेरी यादी आहे तिच्यातही हाच पायंडा पाळलेला आहे.

राहता राहिले एक. नवी कडी येते कोठून? नेवेल आणि शॉ यांनी याचे उत्तर त्याच निबंधाच्या काळात देऊन ठेवले होते. जे खण मोकळे आहेत तेही एका कडीयादीतच गुंफून ठेवायचे. नवे नाव आले की त्या मोकळ्यांच्या यादीच्या तोंडाची कडी सोडवून घ्यायची, तीत नाव भरायचे, आणि वर सांगितलेल्या दोन ओळींनी ती खऱ्या यादीत बसवायची. कोणी निवृत्त झाला की त्याच्या आधीच्याच्या चिठ्ठीवर त्याच्या पुढच्याचा पत्ता उतरवायचा, एवढ्याने तो यादीतून सुटतो. मग त्याची रिकामी कडी मोकळ्यांच्या यादीच्या तोंडाशी नेऊन लावायची. तेथेही आधी तिच्या चिठ्ठीवर जुन्या पहिल्या मोकळ्या कडीचा पत्ता, आणि मगच तोंडाची चिठ्ठी.